काही होत नाही

इस्त्रीची घडी न मोडलेला पांढरा कोट.

गुडघ्यावर ठोकायची रबरी हातोडी. डॉक्टरांची धाकटी मुलगी त्या हातोडीने बाहुलीला तपासते.

टेबलावरची घंटी, शाळेच्या शिपायाकडे असते तशी.

वृद्धाश्रमात चादरी बदलायचं काम. नाडी बघायची परवानगी नाही.

परीक्षेच्या चार संधी. पाचवी नाही.

आपला देश सोडून इथे आलेल्या डॉक्टरांना इथल्या परवान्याच्या परीक्षेसाठी तयार करायचं, हे बाईंचं काम. बाई रुग्ण व्हायच्या, समोरच्याने तपासायचं. या डॉक्टरांनी मायदेशी बावीस वर्षं स्वतःचा दवाखाना चालवलेला. हाताला यश होतं, पण जिभेला एक खोड होती. बाईंनी छातीतल्या गाठीचं नाव काढलं रे काढलं, की ते म्हणायचे, "काही होत नाही, मी आहे ना."

बाई घंटी वाजवायच्या. खोटा धीर. गुण गेले.

वर्गातल्यांनी त्यांचं नाव धीरोबा ठेवलं. तीन परीक्षा त्या एका वाक्याने खाल्ल्या. डॉक्टरांच्या बायकोने तर बाईंना तोंडावर विचारलं, की एवढ्या वर्षांत यांच्या हातून माणसं दगावली नाहीत, ती आता एका वाक्याने दगावणार का? नियम बाईंनी केलेला नव्हता. त्यांनी डॉक्टरांकडून इथलं वाक्य पाढ्यासारखं घोटून घेतलं: पुढे काय होईल, ते मला आत्ता सांगता येणार नाही.

चौथ्या निकालाचा कागद घेऊन डॉक्टर आले, तेव्हा बाई खुर्च्या लावत होत्या. कागद वाचायची गरज पडली नाही.

"ती रडली असती तर सावरलो असतो, बाई. ती हसली. दोन लहान मुलं आहेत म्हणाली, आणि हसली."

"परीक्षेसाठी बसवलेली नटी होती ती, डॉक्टर. पैसे घेऊन आजारी पडते."

"माहीत होतं हो. पण हात गार होते तिचे."

बाईंनी एक खुर्ची उगाच पुढे-मागे केली. वृद्धाश्रमातलं काम कायमचं करायचं तर या आठवड्यात सही द्यायची आहे, असं डॉक्टर सांगत होते. चादरींनाही अनुभव लागतो म्हणे.

"आता माझं काय होईल, बाई?"

बाईंच्या ओठांवर वेगळंच वाक्य आलं होतं. ते गिळून त्या म्हणाल्या, "पुढे काय होईल, ते मला आत्ता सांगता येणार नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. "पूर्ण गुण."

डॉक्टरांचा कोट खुंटीवरच राहिला. दोघांनाही तो दिसत होता.

पहिल्या दिवशी डॉक्टर या खोलीच्या दारात घुटमळले होते, तेव्हा बाईच म्हणाल्या होत्या, काही होत नाही, मी आहे ना.