टेबलावरचं आवण

"गाडी बंद कर आधी," पारू म्हणाली. "काय बोलतोस ते ऐकू नाय येत."

धीरजने मोटारसायकल बंद केली, पण तो उतरला नाही. बांधाखाली बी पेरलेल्या राबाच्या तुकड्यात पारू वाकून आवण खणत होती. भाताची वीतभर रोपं दोन्ही हातांनी मुळासकट उपटायची, मुळांचा चिखल पायावर आपटून झाडायचा, मूठ बांधायची आणि मागे पाण्यात टाकायची. सकाळपासून दोनशेच्या वर मुठी झाल्या होत्या. सोमवारी तिची आवणी, म्हणजे भातलावणी होती आणि ख्रिस्ती मंडळीतली सतरा माणसं मदतीला येणार होती. गेला पंधरवडा ती आणि तिचा नवरा सुका त्या सगळ्यांच्या खाचरांत वाकले होते. आता परतफेडीची पाळी त्यांची होती.

"उद्या उपासनेत सपनाचं नाव मंडळीच्या वहीतून काढणार आहोत, काकी," धीरज म्हणाला. "तुम्हाला अगोदर सांगावं म्हणून आलो."

पारूच्या हातातली मूठ तशीच राहिली. "कशापायी?"

"तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. तिची मुलगी सपना तारापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात गोळ्या पॅक करायची आणि बोईसरला तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. डिसेंबरात ती किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या निमेशशी लग्न करणार होती. त्याच्या घरची होडी होती आणि घरात देव्हारा होता. देवळात नको, चर्चमध्ये नको, कचेरीत सही करा, असं दोन्हीकडच्यांनी ठरवलं होतं.

"तिनं येशूला सोडला, असं ती तुला बोलली?"

"अशा घरात लग्न करायचं म्हणजे तेच."

"मी काय विचारते? ती बोलली?"

"काकी, मी एकट्याने ठरवलेलं नाही. वडील मंडळींची सभा झाली."

त्याने गाडीला किक मारली. तीन वर्षं बाहेर राहून शास्त्र शिकून मंडळीचा पाळक झाल्यापासून तो पुस्तकातलं बोलायचा. त्याआधी तो पारूच्याच वर्गात बसायचा, सदऱ्याला एकही बटण नसलेला. चोवीस वर्षं पारू त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात दर रविवारी मुलांना शिकवत आली होती. तिला वाचता येत नव्हतं. शास्त्र ऐकून पाठ झालेलं, बाकी सगळं घरातलं नि रानातलं. घार फिरायला लागली की कोंबडी पिल्लं पंखाखाली घेते, तशी देवाची माया. रुसून गेलेल्या पोराचं ताट आई झाकून ठेवते, उचलत नाही, तशी त्याची वाट बघण्याची रीत. रिकाम्या हाताने ती कधी वर्गात गेली नाही. कधी सुगरणीचं पडलेलं घरटं, कधी कीड लागलेलं वांगं, कधी घरातलीच कानतुटकी कढई.

संध्याकाळी सुका म्हणाला, "उद्या गप बस. परवाची आवणी हाय. माणसं नाय आली तर काय करशील?"

"तुजी पोरगी नाय ती?"

"हाय. पण आवण खणून झालंय. दोन दिसांच्या वर पाण्यात नाय टिकायचं. वरीसभर खायचं काय?"

पारूने भाकरी इतक्या जोराने थापल्या की परातीचा आवाज शेजारी नलूच्या घरापर्यंत गेला.

रविवारी नऊ वाजता उपासना सुरू झाली. चाळीसेक माणसं होती. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. दोन गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि धीरजने टेबलावरचा रुमाल उचलला. खाली आवणाची एक मूठ होती. पानं सुरळीसारखी गुंडाळलेली, टोकं करपलेली, मुळांचा चिखल वाळून लाकडावर सांडलेला.

"हे काल सकाळी मी भिकाकाकांच्या राबातून आणलं," तो म्हणाला. "तेव्हा हिरवंगार होतं. मुळापासून उपटलं, आणि एका दिवसात बघा काय दशा झाली. आपल्यातलीही एक मुलगी अशीच..."

"टेबलावर ठेवलंस म्हणून सुकलं."

सगळ्या माना वळल्या. पारू उभी होती.

"काकी, वचन चालू आहे."

"तेच ऐकते मी. उपटलं म्हणून नाय सुकलं ते. तू दिवसरात कोरड्या लाकडावर टाकलंस म्हणून सुकलं. आवण उपटायलाच असतं, धीरज! राबातच ठेवलंस तर दाटीत पिवळं पडतं, दाणा धरत नाय. तुज्या आयशीनं तुला आवणीला कधी नेला नाय का रे?"

बायांमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

भिका उठला. मंडळीतला तो सगळ्यांत जुना माणूस. "पारू, खाली बस. बाईमाणसानं उपासनेत असं बोलू नये."

"परवा तुज्या खाचरात दिवसभर वाकलेली, तवा मी कोण होते रं भिका?"

भिका बसला.

"मुद्दा रोपाचा नाही," धीरज म्हणाला.

"मग आणलंस कशाला?"

धीरजचे कान लाल झाले. पुस्तकातली भाषा त्याच्या तोंडून सुटली. "तुमीच शिकवलंत ना, काकी! रानातली वस्तू आणायची, लोकांना दाखवायची. तुमीच!"

"दाखवायच्या आधी बघायची, हे पण शिकवलेलं. ते तू इसरलास." तिचा आवाज चढला नव्हता. "माजी पोरगी नव्या चिखलात चाललीय. लागंल का नाय, ते देवाला ठाव. पाणी धरायचं सोडून तू तिला लाकडावर ठेवतोस. आणि वर लोकांना सांगतोस, बघा कशी सुकली!"

पत्र्यावर सर वाजली आणि थांबली. धीरजने वही उघडली. पट्टी ठेवून लाल पेनाने रेघ ओढली आणि मान वर न करता वाचलं, "सपना सुका धोडी आजपासून मंडळीची सभासद नाही." मग थोडं थांबून, "मुलांचा वर्ग पुढच्या रविवारपासून दीपिका घेईल." दीपिका त्याची बायको. ती बायांतच बसली होती. तिने पदर तोंडावर ओढला.

पारू बाहेर पडली. दाराशी वळून तिने उजवीकडे पाहिलं. सुका दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत बसला होता. तो उपासना संपेपर्यंत बसून राहिला. घरी आला तेव्हा पारू त्याला एवढंच म्हणाली, "पाय दुखत होते काय तुजे?"

सोमवारी सहा वाजता ती खाचरावर गेली. सात वाजले, आठ वाजले. सतरातलं एकही माणूस बांधावर दिसलं नाही. पाण्यात चारशे दहा मुठी तरंगत होत्या. पारू आणि सुका एका टोकाला लागले.

साडेआठला सपना आली. आवणीसाठी तिने आठवड्यापूर्वीच सुट्टी टाकली होती. बरोबर निमेश होता. मासेमारी बंद असल्याने होड्या महिनाअखेरपर्यंत किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या.

"आये, माणसं कुठं?"

"कामं असतात लोकांना."

"मला नको सांगू. मंडळीच्या ग्रुपमधून काढलं मला काल. आणि तू काय काय बोललीस ते पण कळलं." सपनाने सलवार गुडघ्यापर्यंत खोचली. "कशाला बोललीस, आये? वर्ग गेला ना तुजा!"

"तू वाक. बोलत नको बसू."

निमेश चिखलात उतरला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. त्याने पहिली पाच रोपं लावली ती पाहून सुका कालपासून पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. "अरे जावई, होडी बांधायला खुंटा ठोकतोस काय? दोन बोटं आत. बस."

दहाच्या सुमाराला पलीकडच्या बांधावरून नलू आली. चोवीस वर्षं ती उपासनेत पारूच्या शेजारी बसत आली होती. पारूने कंबर सरळ केली.

"तुला बोल लागंल, नलू."

"मी बोलायला नाय आले. आवणीला आले." तिने चार मुठी उचलल्या आणि सगळ्यांकडे पाठ करून दुसऱ्या टोकाला लागली. दुपारच्या भाकरीलाही ती थांबली नाही. कामाची फेड कामाने केली आणि चारच्या सुमाराला आली तशीच निघून गेली.

सहा वाजेपर्यंत दोन खाचरं झाली. तिसरं तसंच राहिलं, नुसतं पाणी भरलेलं, आणि त्याच्या कडेला शंभरेक मुठी. टोकं पिवळी पडायला लागली होती. उद्या त्यातली निम्मी लावण्याजोगी राहतील, हे पारूला ठाऊक होतं. निमेश म्हणाला, "अजून उजेड हाय, मी लावतो." सुकाने त्याला हाताला धरून वर काढला.

हातपाय धुऊन चौघं जेवायला बसले. निमेशचा हात भाताकडे गेला आणि बाकीच्यांचे डोळे मिटलेले पाहून मागे आला.

जेवणाआधीची पारूची प्रार्थना म्हणजे नावं. तिने सपनाचं नाव घेतलं. निमेशचं घेतलं. दांडीच्या त्या बाईला, निमेशच्या आईला, तिने अजून पाहिलं नव्हतं. तिच्यासाठीही तिने मागितलं. नलूचं घेतलं. पुढचं नाव धीरजचं होतं. तो सात वर्षांचा असताना तापाने फणफणला होता, तेव्हापासून रोज ती ते घेत आली होती.

ती थांबली. भात निवत होता. सुकाने एक डोळा उघडला.

"आणि त्या धीरजला," ती म्हणाली, शेतात शिरलेल्या ढोराला हाकावं तशा आवाजात, "त्याला पण आज पोटभर घाल."

आमेन ती म्हणाली नाही. ते सुकाने म्हटलं.