दुरुस्ती यायची आहे

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, चौकातला. शाळेतल्या फळ्यासमोर मुलांना बळेच बसवतात. माझ्यासमोर माणसं आपण होऊन थांबत. भवानी पेठेत पिंपळाच्या पारामागच्या भिंतीवर माझा मुक्काम आहे. साठ वर्षं मी लोकांना रोज सकाळी बातम्या दाखवल्या. आता माझ्या वरच्या अर्ध्या भागावर एकच मजकूर कायम असतो, आणि तो खोटा आहे. तो तिथे कसा आला ते सांगतो. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल मोबाईल बघावा.

माझा जन्म पानशेतच्या पुरानंतरचा. धरण फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत कुणीतरी ओरडलं, “पाणी पुन्हा आलं.” पाणी काही आलं नव्हतं. पण माणसं जीव मुठीत धरून पळाली आणि त्या गर्दीत तुळजाबाई भाजीवालीचा पाय मोडला, तो कायमचा. शाळेत शिकवणाऱ्या आनंदीबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. चौकात खरी बातमी लिहायला एक जागा हवी, असं त्यांनी ठरवलं. लाकूडबाजारातल्या जब्बार मिस्त्रीने सागवानी फळ्या जोडून मला घडवलं. तेव्हा तो जेमतेम पंचवीस वर्षांचा होता. त्याने माझ्या कोपऱ्यात खिळा ठोकला आणि त्याला दोरीने खडू बांधला.

आनंदीबाईंनी एकच नियम घातला. चुकीची बातमी पुसायची नाही. ज्याने चूक केली त्यानेच तिच्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती लिहायची, सही करायची आणि ती तीन दिवस ठेवायची. मग सगळं पुसायचं. “नुसती पुसलेली चूक लोकांच्या डोक्यात तशीच राहते,” असं त्या म्हणत.

पुढे त्यांच्या हाताखाली श्याम गुळवे नावाचा कॉलेजातला तरुण लिहायला आला. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. खोटं कशाला बोलू, त्याच्यामुळे मी जरा शेफारलो होतो. लोक बातमी वाचून झाल्यावरही अक्षर बघत उभे राहत. एकदा त्याने घाईघाईत लिहिलं, ‘सोनबा वखारवाले यांचे निधन.’ गेला होता तो दुसराच सोनबा. आमचे सोनबा दुपारी मिशीला पीळ देत आले, स्वतःची बातमी शांतपणे वाचली आणि म्हणाले, “पोरा, अंत्ययात्रा किती वाजता हाय? मला यावं लागंल.”

आनंदीबाईंनी श्यामच्या हातात खडू दिला. त्याचे कान लाल झाले होते, पण त्याने लिहिलं: ‘सोनबा हयात आहेत. चूक माझी. श्याम गुळवे.’ तीन दिवस सोनबा रोज येऊन ती दुरुस्ती वाचत आणि श्यामला चहा पाजत. त्या तीन दिवसांत तो मला आवडला होता. पुन्हा कधी आवडला नाही.

मग तो एका दैनिकात वार्ताहर झाला. पहिली काही वर्षं त्याने बरं काम केलं असावं. तसं लोक म्हणत. नंतर तो पुढाऱ्यांच्या बातम्या लिहिता लिहिता त्यांची भाषणं लिहू लागला, आणि भाषणं लिहिता लिहिता त्यांना अक्कल शिकवू लागला. शेवटी त्याने नोकरी सोडली, हिंजवडीला काचेचं ऑफिस थाटलं आणि राजकीय सल्लागार अशी पाटी लावली. म्हणजे नेमकं काय करतोस, असं जब्बारने त्याला एकदा विचारलं.

“चाचा, पूर्वी मी झालेलं सांगायचो. आता होणार असलेलं सांगतो.”

“म्हणजे ज्योतिषी झालास,” जब्बार म्हणाला आणि रंधा मारू लागला.

ज्योतिषी बरा, तो निदान पंचांग तरी उघडतो. श्यामने ‘तुमचा माणूस, तुमच्या दारात’ ही एकच घोषणा एकमेकांविरुद्धच्या दोन पक्षांना विकली. शेजारशेजारच्या वॉर्डांत दोघेही निवडून आले आणि दोघेही पुन्हा कुणाच्या दारात दिसले नाहीत. पण गावात नाव झालं ते श्यामचं. हुशार माणूस, असं लोक कौतुकाने म्हणू लागले. आपल्याकडे हा शब्द फार स्वस्त झाला आहे.

आनंदीबाई गेल्यावर माझ्यावर हमीदा लिहू लागली. ही जब्बारची मुलगी, आनंदीबाईंचीच विद्यार्थिनी, पुढे शाळेची मुख्याध्यापिका झालेली. ती निवृत्त झाली तेव्हा बायकांनीच तिला महापालिकेच्या निवडणुकीला उभं केलं. तिच्यासमोर होते सर्जेराव. वारज्याकडच्या जमिनी विकून ते पेठेत इमारती बांधायला आले होते, आणि त्यांचा सल्लागार होता आमचा श्याम.

मतदानाला चार दिवस उरले असताना त्यांची गाडी माझ्यासमोरच उभी राहिली. काच खाली होती.

“बाई लोकांना आवडती हाय. काय करायचं बोला,” सर्जेराव म्हणाले.

“आवडू द्या की. लोक बाईंच्या आधी या फळ्यावर विश्वास ठेवतात,” श्याम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यांच्याही आधी तो एकटा आला. खिळ्याचा खडू घेऊन त्याने त्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: ‘हमीदाबाईंनी मुलांच्या खिचडीचा तांदूळ विकला.’ सही केली नाही. फोटो काढला आणि गेला. नऊच्या आत तो फोटो पेठेतल्या प्रत्येक मोबाईलवर होता. “फळ्यावर आलंय,” असं जो तो दुसऱ्याला सांगत होता. मित्रांनो, मला हात असते तर मी तो खडू गिळला असता, हे वाक्य चुकलं आहे हे मला कळतं, पण त्या दिवशी मला असंच वाटलं.

खरी गोष्ट अशी, की तो तांदूळ किडका निघाला होता. हमीदाने तो टेंपोत भरून परत पाठवला होता. याला सहा वर्षं झाली होती आणि ती बातमी तेव्हा माझ्यावरच आली होती. पण सहा वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतो.

हमीदा आली. सगळ्यांनी तिला सांगितलं, पुसून टाका. जब्बारसुद्धा म्हणाला, “बेटी, पूस ते.”

“अब्बा, सोनबाकाकांच्या वेळी पुसलं होतं का?”

“मग खाली खरं काय ते लिही तरी.”

“मी लिहिलं तर ते माझं म्हणणं झालं. दुरुस्ती नव्हे. हे अक्षर श्यामचं आहे. तोच येऊन लिहील.”

मला तिचा भयंकर राग आला. नियम चांगल्या माणसांसाठी असतात गं बाई, असं ओरडावंसं वाटलं. तिने श्यामला फोन लावला. “माझी टीम बघून घेईल,” असं म्हणून त्याने तो ठेवला. मतदानाच्या दिवशीही ते वाक्य माझ्यावर तसंच होतं. हमीदा दोनशे अकरा मतांनी पडली. पडल्याचं तिला काही वाटलं नाही. पण ज्यांच्या मुलींना तिने बाराखडी शिकवली त्या आया समोरून येताना रस्ता ओलांडू लागल्या, ते तिला लागलं. निकालाच्या संध्याकाळी तिने त्या वाक्याखाली रेघ ओढली आणि लिहिलं: ‘दुरुस्ती यायची आहे. दिवस पहिला.’ आकडा ती रोज बदलू लागली. रोजच्या बातम्या खालच्या अर्ध्या भागात लिहू लागली.

नऊशे चौदाव्या दिवशी श्याम आला. सोबत कॅमेरेवाले, आणि त्याच्या ऑफिसातली शालू नावाची मुलगी. त्याच्या जीवनप्रवासावर फिल्म निघत होती.

“सर, हा बोर्ड थोडा क्लीन केला ना, तर फ्रेम मस्त येईल,” शालू म्हणाली आणि तिने डस्टर उचललं.

पारावर जब्बार बसला होता. ऐंशी ओलांडलेला, हातात काठी. त्याने काठी माझ्यासमोर आडवी धरली. “पुसायचं असेल तर आधी याला दुरुस्ती लिहू दे.”

“चाचा, किती वर्षं झाली त्याला. लोक विसरले,” श्याम म्हणाला.

“लोक विसरलेत, तर मग तुला लिहायला काय हरकत आहे?”

श्यामने खडू घेतला. माझ्याजवळ आला. सोनबाच्या वेळी लाल झाले होते तसेच त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. त्याने ‘दु’ हे एक अक्षर लिहिलं. मग मागे वळून विचारलं, “कॅमेरा बंद आहे ना?”

“नाही सर, चालू आहे.”

त्याने खिशातून रुमाल काढून ते एक अक्षर पुसलं. एवढंच पुसलं. खडू सोडून दिला आणि गाडीत बसला. पुढे कळलं, की वाघोलीच्या एका स्टुडिओत त्यांनी काळा प्लायवूड उभा करून माझी नक्कल केली आणि तिच्यासमोर उभं राहून तो बोलला, ‘या फळ्याने मला खरं लिहायला शिकवलं.’ फिल्म खूप गाजली म्हणे.

गेल्या आषाढात जब्बार गेला. ज्याने मला घडवलं त्याच्या निधनाची बातमी मीच दाखवली. हमीदाने ती लिहिली, सही केली आणि वरचा आकडाही बदलला. अक्षर जरा वाकडं आलं होतं. दुसऱ्या दिवशी श्यामच्या माणसांनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स आणला. जब्बारचा फोटो टपालाच्या तिकिटाएवढा, श्यामचा पुरुषभर. नेमका तो माझ्यावरच ताणून बांधला. वाक्य झाकलं, आकडा झाकला, जब्बारची बातमीही झाकली.

हमीदा आली. तिने चारही दोऱ्या सोडल्या, फ्लेक्स उलटा केला आणि माझ्या वरच्या कडेला पडद्यासारखा नीट ठोकला. पावसापासून चांगला आडोसा होतो. शेवटी श्यामचा पेठेला काही उपयोग झाला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं आता मी सांगायला हवं. पण मला रंग नको, दुरुस्तीच्या वर्गण्या नकोत. माझ्यावर कुणी काय लिहिलंय ते वाचाल, तेव्हा खाली सही आहे का तेवढं बघत जा. आणि कधी तुमच्या हातून चूक झाली, तर सोनबा तुम्हालाही चहा पाजेल, असं समजून लिहून टाका. फार वेळ लागत नाही. एक ओळ असते.

खडू खिळ्याला बांधलेलाच आहे. आज सकाळी हमीदा आली, श्यामचं तोंड आतल्या बाजूला असलेला तो फ्लेक्स तिने वर उचलला, पाणी झटकलं आणि आकडा बदलला.