एक दिवसाआड इंग्रजी

सोमवारी रविराज सरांनी इक्वी शिकवलं. सोमवार माझा होता, म्हणून ते मला येतं. मंगळवारी पार शिकवलं. मंगळवार ओमचा. म्हणून ते मला येत नाही, आणि ओमलाही येत नाही.

ओम माझा धाकटा भाऊ. आम्ही दोघं बँकेच्या परीक्षेची तयारी करतो, म्हणजे मी तयारी करते आणि तो क्लासला जातो. मखमलाबादला आमचा झेंडू आहे. तोडणी संध्याकाळी आणि क्लासही संध्याकाळीच, तोही लांब शहरात, कॉलेज रोडला. दोघं एकदम गेलो तर फुलांनी कॅरेट कोण भरणार? दसरा तोंडावर आला की मजूर देव पाण्यात ठेवले तरी मिळत नाहीत. मग आप्पांनी न्याय केला. एक दिवस हिचा, एक दिवस त्याचा.

हा न्याय त्यांनी विहिरीवरून उचलला. आमची विहीर आप्पा आणि धोंडीराम काका यांच्यात सामाईक आहे. एक दिवस मोटार आम्ही लावायची, एक दिवस काकांनी. आजोबांनी ही पाळी लावून दिली तेव्हापासून पाण्यावरून दोन घरांत ब्रसुद्धा निघालेला नाही, आणि याचा आप्पांना भारी अभिमान. दोन लेकरांत डावं-उजवं नको म्हणून त्यांनी तीच पाळी आम्हाला लावली. मुलगी म्हणून हिला घरी बसवलं नाही, हे ते आल्यागेल्याला सांगतात. लोक माना डोलावतात. मला हातातली फुलांची पाटी आपटावीशी वाटते.

सर शब्द पाठ करून घेत नाहीत, त्यांचं लॅटिन मूळ देतात. इक्वी म्हणजे समान, एवढं एकदा कळलं की इक्वल आला. पृथ्वीचे दोन सारखे भाग करणारा इक्वेटर आला. दिवस-रात्र सारखे होतात तो इक्विनॉक्स आला. दोन्हीकडचं सारखंच बोलून निसटणाऱ्या माणसाचं बोलणं इक्विव्होकल, हेही आलं. वर्षभर घोकून न बसलेले शब्द एका संध्याकाळी बसले. त्या दिवशी मी स्कूटीवर मोठमोठ्याने शब्द म्हणत घरी आले.

पण ही रीत रोज येणाऱ्याच्या कामाची. बुधवारी सरांनी लिब्रा घेतलं, म्हणजे तराजू. मनात तोलून-मापून केलेलं ते डिलिबरेट, असं सांगून ते म्हणाले की कालचे शब्द आठवा आणि त्याच्या शेजारी ठेवून बघा. सगळा वर्ग आठवू लागला. मला काल काय होतं? झेंडू.

माझ्या दिवशी मी घरी येऊन ओमला अख्खा धडा सांगायची आणि तो भाकरी चावत हं हं करायचा. मंगळवारी मी त्याला विचारायला गेले तेव्हा 'पार म्हणजे पण समानच' एवढं एक वाक्य मिळालं. इक्वी असताना आणखी हे कशाला, हे त्याने सरांना विचारलंच नव्हतं. फक्त अंपायर हा शब्दही त्यातूनच आलाय, हे क्रिकेटमुळे त्याच्या लक्षात राहिलं होतं. कसा आला, तर सर म्हणाले आला, म्हणजे आला. डोकं भिंतीवर आपटावं असं वाटायचं, फक्त कोणाचं ते ठरत नव्हतं.

मागच्या वर्षी परीक्षेत मी इंग्रजीतच अडकले होते, बाकी सगळं निघालं होतं. त्यात बुधवारी सरांनी जाहीर केलं की उद्या चाचणी. तिच्यातून थोडी मुलं निवडून त्यांची सकाळची रोजची बॅच करणार, पुन्हा चाचणी नाही. सकाळी आप्पा माल घेऊन बाजारात असतात, तोडणी नसते. म्हणजे ती बॅच मिळाली की ही पाळीच संपली. आणि उद्या गुरुवार. ओमचा.

रात्री मी आप्पांकडे वार बदलून मागितला. ते म्हणाले, पाळी बदलायची सवय लागली की विहिरीवर डोकी फुटतात.

गुरुवारी आम्ही सगळे वावरात होतो. निघायची वेळ झाली तेव्हा ओम आपणहून बोलला. "आप्पा, आज हिलाच जाऊ द्या. मला तसं बी काय येत नाय."

"येडा हाय का तू?" आप्पा म्हणाले. "आपली पाळी अशी कोणी सोडतं का? आज सोडली की कायमची गेली."

मी म्हटलं, विहिरीला रात्रीतून परत पाणी येतं, काल शिकवून झालेलं माझ्यासाठी परत येत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मला क्षणभर आशा वाटली. मग ते म्हणाले की ओमला बी अर्धंच मिळतंय ना, मग तक्रार कशाची? खरंच होतं ते. दोघांना अर्धं मिळत होतं आणि दोघंही नापास होणार होतो, अगदी समसमान.

माझं डोकं फिरलं. "मग माझी पाळी बी ओमलाच देऊन टाका," मी म्हटलं. "एकाला तरी पुरं शिकू द्या."

रागाने बोलले होते मी. ओमला ओरडले तसे आप्पा मलाही ओरडतील, म्हणून वाट पाहत उभी राहिले. पण त्यांचा चेहरा मोकळा झाला, पायातला काटा निघावा तसा.

"शहाणी हाय माझी पोर," ते म्हणाले आणि आईकडे वळले. "ऐकलं का, भावासाठी सोडलं हिनं."

आईने झेंडूने पिवळा झालेला हात माझ्या डोक्यावरून फिरवला. पाळी सोडली की कायमची जाते, हे या वेळी कोणीच म्हणालं नाही. तीन महिने मी जिला समान वाटणी समजून मुकाट सोसत होते, ती जायला एक वाक्य पुरलं. मला रडू आलं आणि रडण्याहून जास्त संताप आला.

ओम खाली बघत होता. त्याने खिशातून स्कूटीची चावी काढली आणि माझ्यापुढे धरली. मी ती घेतली.

"हर्षे, आज त्याची पाळी हाय," आप्पा म्हणाले.

"त्यानं सोडली तर तो येडा आणि मी सोडली तर शहाणी," मी म्हटलं. "मला येडीच राहू द्या, आप्पा."

मी चपला घातल्या, स्कूटी बांधावरून काढली आणि चाचणीला गेले.