काडेपेटीएवढी गादी

आजोबांनी मांडीवरची गादी चिमटीत धरून पुन्हा दाबली. काहीच टोचलं नाही. उशी दाबली, पांघरूण झटकलं, उरलेला कापूस विसकटून पाहिला. कापूस भरल्यावर गादीचं तोंड शिवायची सुई रिळाला खोचलेली होती. मधले टाके घालायची बारीक सुई मात्र कुठेच नव्हती.

नातीच्या बाहुलीघरातल्या पलंगासाठी त्यांनी हे अंथरूण शिवलं होतं. उभा जन्म गादीकारखान्यात गेलेला माणूस, आणि हात टेकायची पाळी आली ती काडेपेटीएवढ्या गादीपुढे! कारखान्याची रीत होती : गादी शिवून झाली की शिवणाऱ्याने आधी स्वतः तिच्यावर लोळायचं, मगच ती गिऱ्हाइकाला द्यायची. सुई आत राहिलीच, तर ज्याची त्याला टोचावी. या गादीवर कोण लोळणार? म्हणून आपण नुसता गाल टेकवू, असं त्यांनी नातीला हसत हसत सांगितलं होतं. पण टेकवला होता का? मध्येच डोळा लागला होता, एवढंच आठवत होतं.

मागे एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, तेव्हाही ते शेजारच्या खुर्चीतच पेंगत होते. मुलगी ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, पुन्हा असं झालं तर चिमणीला शाळेनंतर पाळणाघरात ठेवावं लागेल." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता ती कामावरून यायची वेळ झाली होती.

"चिमणे!"

एरवी जिची टकळी थांबत नाही ती गप्प का? सुई तोंडात तर घातली नसेल? भिंतीचा आधार घेत आजोबा आतल्या खोलीत गेले. चिमणी बाहुलीघरापुढे बसली होती, गालावर हात धरून.

"आ कर."

"का?"

"कर म्हणतो ना!"

तिने आ केला. तोंडात काही नव्हतं. आजोबा तिच्यापुढे खाली बसले.

"खरं सांग. माझी सुई पाहिलीस?"

"गादीत होती." तिने हात काढला. गालावर रक्ताचा बारीक ठिपका होता. "तुम्ही झोपलात ना, म्हणून मीच गाल टेकवला."

"दुखलं का गं?"

"थोडंसं. आईला सांगीन, पेन्सिल लागली."

तिने बाहुलीघरातलं इवलंसं कपाट उघडलं. आत एक नव्हे, बऱ्याच सुया होत्या.

"ही आजची," ती म्हणाली. "ही मागच्या गोधडीतली. ही तुमच्या खुर्चीतली. आईला नाही सांगितलं हं मी."

आजोबांनी अंगठ्याने तिच्या गालावरचा ठिपका पुसला. तो पुन्हा उमटला.

बाहेर कुलपात किल्ली फिरली. चिमणीने घाईघाईने कपाटाचं दार लावलं.

आजोबांनी ते हलकेच पुन्हा उघडलं, सगळ्या सुया तळहातावर घेतल्या आणि ते दाराकडे निघाले.