निळं फडकं

उशीची पांढरी खोळ लांब काठीला बांधताना हार्लनला ते पत्र पुन्हा आठवलं. तीन महिने ते उत्तराविना पेटीत पडून होतं.

‘बाबा, स्वयंसेवकाची शपथ घेतलीत, फोटोही निघाला. आता हट्ट पुरे,’ कोरिननं अमेरिकेहून लिहिलं होतं. ‘इथे चाळीस वर्षांत शेजाऱ्यांशी धड चार शब्द बोलला नाहीत. तिथे कुणाशी बोलणार? हो म्हणा, तिकीट पाठवते.’

लेकीच्या लिहिण्यात खोटं काय होतं? सहासष्ट वर्षांचा निवृत्त ग्रंथपाल. प्रशिक्षणाच्या नऊ आठवड्यांनंतर सेसोथो भाषेच्या परीक्षेत तो शेवटून पहिला आला होता. शपथविधी झाल्यावर बाकीचे स्वयंसेवक हसत-खिदळत आपापल्या गावी पांगले. याला आफ्रिकेतल्या लेसोथो देशातल्या या डोंगरावर, शाळेच्या रिकाम्या खोलीत वाचनालय सुरू करायला धाडलं. त्यानं खोली झाडली, फळ्या ठोकल्या, पुस्तकं लावली. चिटपाखरू फिरकलं नाही. म्हणून आज ही खूण. खालच्या शेतांतूनही दिसावी अशी.

दिसली. अर्ध्या तासात सहा जण चढण चढून आले. प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा मग.

म्हातारा मेंढपाळ रामोखेले सगळ्यांत पुढे होता. घोंगडी सावरत तो उंबऱ्यावर बसला.

“भर, न्ताते. चांगली आंबलीय ना?” इथे पुरुषाला न्ताते, म्हणजे बाबा, आणि बाईला म्मे, म्हणजे आई, म्हणत.

हार्लननं मगाकडे पाहिलं, मग वर काठीकडे. घरावर पांढरं फडकं म्हणजे ज्वारीची बिअर तयार, लाल म्हणजे मटण, हिरवं म्हणजे भाजी. प्रशिक्षणात त्यानं हे वहीत उतरवून घेतलं होतं. वहीतलं वहीतच राहिलं.

तेवढ्यात शेजारची मालिनेओ पदर खोचल्यासारखा एप्रन कमरेला आवळत आली.

“वा, न्ताते! माझ्या पोटावर पाय? वीस वर्षं या गावात पांढरं फडकं माझं! काल आलात नि आज दुकान मांडलंत?”

“बिअर नाही,” हार्लन पुटपुटला.

“मग हे काय वाळत घातलंय?”

“तुझी बिअर पातळ झाली, मालिनेओ,” रामोखेले म्हणाला, “म्हणून देवानं दुसरं दुकान काढलं!”

सगळे खिदळले. हार्लनचे कान तापले. अशा वेळी तो जन्मभर कपाटामागे जाऊन उभा राहिला होता. कपाट दोन पावलांवर होतं.

त्यानं दाराची चौकट धरली.

“माझी खोली,” तो म्हणाला. क्रियापदं सुचेनात. “पुस्तकं. चहा आहे. मी... जाणार नाही. तुम्ही बसा. म्मे, तुम्हीही. ओरडा. पण बसून ओरडा.”

मग रामोखेलेनं मांडीवर थाप मारली.

“ऐकलंस? बसून ओरड म्हणतोय! आण बाबा चहा. एवढी चढण चढून कोरडा नाही परत जायचा मी.”

सहाही मग चहानं भरले. म्हाताऱ्यानं बैलाचं चित्र असलेलं पुस्तक काठीनं दाखवलं. “याचं काय झालं?” हार्लन वाचू लागला. तो प्रत्येक ओळीला अडखळे आणि कुणीतरी त्याला सुधारी. सगळ्यांत मोठ्यानं मालिनेओ. आधी दारात उभी राहून, मग बाकावर बसून.

जाताना तिनं काठीवरची खोळ सोडून त्याच्या अंगावर फेकली.

“पांढरं माझं.”

मग एप्रनची निळी किनार टरकन फाडून तिनं स्वतःच काठीला गाठ मारली.

“निळ्याखाली इथे कुणी काही विकत नाही. आणि शुक्रवारी लावायचं नाही. तो माझा दिवस.”

दोन दिवसांनी हार्लन व्हॅननं तालुक्याच्या गावी उतरला. पोस्टातल्या बाईनं पाकीट हातात तोलून पाहिलं.

“इतक्या लांब, नि एवढंसंच?”

“पुरे आहे, म्मे.”

आत एकच कागद होता. ‘कोरिन, तुझं खरं आहे. मला शेजाऱ्यांशी बोलता येत नाही. परवा शेजारणीनं चारचौघांत मला फैलावर घेतलं. मी उलट बोललो. तिकीट पाठवू नकोस. जमलं तर निळं कापड पाठव. इथल्या उन्हात लवकर विटतं.’

त्यानं पाकीट टपालपेटीत सोडलं. मग, परत काढता येईल का हे बघायला, फटीतून बोटं आत घातली. पोचली नाहीत.

बरं झालं.