हंगामात हात देऊ नये

मिरचीच्या हंगामात माझ्या आईने मला कधी हाताने कुरवाळलेलं नाही. कोपराने कुरवाळलंय. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे लाल मिरची वाळत घालतात त्या मोकळ्या मैदानावर, माझी आई छबूबाई एकोणीस वर्षं मिरचीचे देठ खुडते आहे. दसऱ्यापासून होळीपर्यंत तिचे हात म्हणजे दोन पेटत्या चुली. मला ताप आला की कोपर, पहिला नंबर आला की कोपर, बी.एस्सी. झाले तेव्हा तर दोन्ही कोपरं एकदम. आणि घरात तिचा एकच कायदा: "हंगाममा कोनाले हात देवु नको."

हा कायदा मी नेमका मुलाखतीच्या दिवशी विसरले.

पारसमल शेठच्या मिरचीच्या कारखान्यात मी दोन वर्षं कॉम्प्युटरवर पोत्यांची लेबलं छापत होते. आता 'माल तपासणी प्रमुख' अशी नवी जागा निघाली होती. ती मिळाली तर सोमवारपासून आईचं पथारीवर जाणं बंद, असं मी तिला न विचारताच ठरवून टाकलं होतं. जेवायच्या आधी तिला बोटं ताकात बुडवून बसावं लागतं. मला ते बघवत नाही, खरं सांगते.

मालाची पारख मला आईनेच शिकवलेली. मिरची मोडायची, जिभेच्या टोकाला लावायची, बस्स. पण नुसत्या पारखीवर जागा देतं कोण? मुलाखत घेणार होता शेठचा मुलगा पुनीत, पुण्याहून एमबीए करून नुकताच परतलेला. म्हणून मी मोबाइलवर एका टायवाल्या सरांचे 'नोकरीत पुढे जाण्याचे अकरा उपाय' पाहिले आणि अकराच्या अकरा पाठ केले. डोळ्यांत डोळे घालून बोलण्याचा सराव म्हशीसमोर केला. तिनेच आधी मान वळवली, तेव्हा मला वाटलं, जागा आपलीच.

त्या सकाळी मी निघाले तर आई दारात.

"काय व, ओठले काय लायं?"

"लिपस्टिक. उपाय नंबर दोन, नीटनेटकं दिसा."

"चांगली दिखी ऱ्हायनी. पन कोनाले हात देवु नको."

"हो गं हो," म्हणत मी पळाले. डोक्यात उपाय नंबर चार घोळत होता: हात घट्ट मिळवा.

कारखान्याच्या आवारात तीनशे पोत्यांचा ट्रक भरत होता. रंगाची मिरची, दिसायला लालभडक, तिखट म्हणाल तर नावालाच. लहान मुलांचे चिप्स बनवणाऱ्या एका कंपनीला जायची होती. शेठ ट्रकजवळूनच ओरडले, "जागृती, वर जाता जाता त्या मालना नमुना लई जाय!"

मी पोत्यातून मूठभर मिरच्या काढल्या, चार-पाच मोडून बशीत ठेवल्या. यंदा रंगाची आणि तिखट मिरची जुळ्या बहिणींसारखी आली होती, फरक फक्त जिभेला कळायचा. पण लिपस्टिक लावायला मला पाऊण तास लागला होता. म्हटलं, आज जीभ राहू दे. साबणाने हात खसाखसा धुतले आणि वर गेले. साबणाला मिरची कधीपासून भ्यायला लागली, हे विचारायला तेव्हा डोकं जागेवर कुठे होतं!

आत शिरताच मी पुनीतचा हात धरला. घट्ट. मनात तीन आकडे मोजून सोडला. तो खूश झाला. स्वतःबद्दल सांगा म्हणाला, तर माझी गाडी सुसाट सुटली. तो माना डोलवत होता, मी हवेत होते. मग त्याने हसत हसत डोळा चोळला.

"बरं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे… आई गं!"

तो खुर्चीसकट मागे सरकला आणि त्याच हाताने त्याने दुसराही डोळा चोळला. मग काय विचारता! साहेब टेबलाभोवती गरगर फिरताहेत, मी पाण्याचा जग घेऊन त्यांच्या मागे. गाठलं, खाली वाकवलं, सगळा जग तोंडावर ओतला. ओतता ओतताच माझ्या डोक्यात लख्ख पेटलं. थांब जागृती. साबणाने धुतलेला हात, त्यातून रंगाची मिरची. तिने तान्ह्या पोराचं नाकही वाहायचं नाही. मग हा बाप्या का नाचतोय?

एमबीए मात्र पक्का गडी. डोळे मिटलेले, नाक गळतंय, तरी विचारतोय, "पाच… वर्षांनी… कुठे?"

"आत्ता गेटवर, सर!" म्हणाले आणि सुटले.

उपाय नंबर नऊ सांगतो, मुलाखत संपल्याशिवाय उठू नका. मी तीन-तीन पायऱ्या गाळत खाली आले. ट्रक सुरू होऊन गेटकडे वळला होता.

"थांबाडा! गाडी थांबाडा!" मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले. एवढ्या जोरात मी शाळेत कबड्डीतही ओरडले नव्हते.

पोत्यांवर बसलेला लखन वाकून बघायला लागला. पोती तोच शिवायचा. "काय व्हयनं?"

"पोतं उघाड!"

त्याने उघडलं. मी मिरची मोडली आणि गेली लिपस्टिक खड्ड्यात म्हणत जिभेला लावली. कानातून वाफा निघाल्या. उचकी लागली. लखननेही चाखली आणि मटकन पोत्यावर बसला. रंगाच्या आणि तिखट मिरचीचे ढीग शेजारी-शेजारी होते, पोती शिवताना लेबलं अदलाबदल झाली होती. ही जहाल मिरची चिप्समधून पोरांच्या तोंडात जाणार होती.

शेठ एका पायात चप्पल घालून धावत आले. त्यांनी चाखली, डोळे पुसले, सदऱ्याच्या बाहीने पुसले म्हणून वाचले. "तुले कसं समजनं?"

आता आली का पंचाईत! मी खाली बघत म्हटलं, "शेठ, पुनीत सरना डोयावरून."

तेवढ्यात डोळ्यांवर थंड दुधाची घडी धरून, वॉचमनचा दंड पकडून पुनीत खाली आला. गेली जागा, मला वाटलं. तरी म्हटलं, "सर, चूक माझी आहे. हात मी दिला. मिरची मोडून आले होते."

शेठ आधी माझ्याकडे बघत राहिले, मग मुलाकडे. आणि हसायला लागले ते हसतच सुटले. "पुन्या, एमबीए शिकना, पन मिरचीवालाना हात धरू नही इतलं नही शिकना!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सोमवारपासून तूच तपासजो व माल. आते कोनताच ट्रक तुले इचारल्याबिगर नही जावाव."

"अभिनंदन," म्हणत पुनीतने हात पुढे केला. अर्ध्यातच झटका बसल्यासारखा मागे घेतला आणि दोन्ही हात जोडले. दिसत नव्हतं त्याला, त्यामुळे तो नमस्कार ट्रकला झाला.

मी पथारीवर पळत गेले, आईला सांगितलं. दोन्ही कोपरं. इतकी गच्च, की माझा चष्मा पडला.

सोमवारी ती घरी राहिली. कुरकुरली, भांडली, "रिकामी बशीसन काय करू?" म्हणाली, पण राहिली. रोज तेल लावून, बेसनाने, राखेने हात घासायची आणि हुंगायची.

पंधराव्या दिवशी मी कामाला निघताना ती दारात आली. ऐन हंगाम, माघ महिना. सवयीने कोपर पुढे आलं. मग तिने ते मागे घेतलं, तळवा पुन्हा एकदा हुंगला आणि माझ्या गालावर ठेवला. खरखरीत होता आणि गार होता.

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तिने घाबरून हात ओढला.

"अव माय! आजून लागी ऱ्हायनी का मिरची?"

"नही व माय," मी म्हटलं आणि तिचा हात परत गालाशी ओढला. "ऱ्हाऊ दे आठेच."