न उघडलेली डबी

मंगळवारी सकाळी प्रियदर्शनीच्या टेबलावर नेहमीसारख्याच संडासाच्या नमुन्यांच्या सात डब्या ठेवलेल्या होत्या. कोल्हापुरात स्टँडजवळच्या त्या खासगी लॅबमध्ये हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, चौऱ्याण्णव साली, ती नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मालक डॉक्टरांनी तिचं आडनाव विचारलं, गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला आहे तेही विचारलं. बौद्धवाड्यात, असं तिनं सरळ सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या डब्या तिच्याकडं येऊ लागल्या. शेजारच्या टेबलावरचा विजयसिंह तिच्याएवढाच शिकलेला होता, पण तो फक्त रक्त तपासायचा. प्रियदर्शनी कधी बोलली नाही. काम मात्र असं चोख करायची की बाहेरचे डॉक्टर तिच्या रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास ठेवत.

त्या दिवशी शिरोळकडची एक बाई पोरीला कडेवर घेऊन आली. शालन तिचं नाव. पोरगी श्रुती, सहा वर्षांची, पण दिसायला तीनची. पोट तेवढं पुढं आलेलं.

"खाती दाबून, ताई," शालन सांगू लागली. "पर अंगाला लागत न्हाय. परसाकडं गेली की तेलावानी तवंग येतोय. घाण वास. सासू म्हणती, तूच पोरीला उपाशी मारतीस. सा म्हैन्यामागं हितंच डबी दिऊन गेलतो की मी. काय न्हाय म्हणून कागद दिला."

प्रियदर्शनीनं नमुना काचेवर घेतला, लाल रंगाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. सगळीकडं चरबीचे केशरी गोळे. पोरीनं खाल्लेलं तूप, तेल, दूध पचलंच नव्हतं. अशी पोरं तिनं आधीही पाहिली होती. पोटातलं स्वादुपिंड पाचकरस देत नाही. जेवणाबरोबर त्या रसाच्या गोळ्या दिल्या की पोरं अंग धरतात.

मग सहा महिन्यांपूर्वी काय झालं? तिनं जुनं रजिस्टर काढलं. तारीख तिच्या भावाच्या लग्नाच्या आठवड्यातली. अक्षर विजयसिंहाचं. 'चरबी आढळली नाही.'

"तुम्ही बघितली होती ही डबी?"

"उघडलीच न्हाय," विजयसिंह मान वर न करता म्हणाला. "तुम्ही रजेवर होता की. मग काय मी हात घालू व्हय त्यात?"

रिपोर्ट त्याच दुपारी पोरीच्या डॉक्टरांकडं गेला. गोळ्या सुरू झाल्या. पण हाडांवर नुसतं कातडं राहिलेल्या त्या पोरीला आधीच कफ धरला होता. न्यूमोनिया झाला आणि नवव्या दिवशी श्रुती गेली. सहा महिने आधी कळलं असतं तर पोरगी वाचली असती, असं तिचे डॉक्टर फोनवर हळू आवाजात म्हणाले.

प्रियदर्शनी लॅबच्या मालक डॉक्टरांपुढं उभी राहिली.

"चुकलं त्याचं. मी बोलतो त्याला," डॉक्टर म्हणाले. "पण बाहेर वाच्यता नको. आणि तुला इथं कमी कोण लेखतंय? तुझा हात बसलाय त्या कामात."

"बसला नाही, सर. बसवला. आणि मी गप्प राहिले म्हणून तो नमुना पडून राहिला."

"तक्रार केलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

रविवारी ती शिरोळला गेली. शालनच्या दारात दहा-बारा बायका बसल्या होत्या. शालन भिंतीला टेकून होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. प्रियदर्शनीनं सगळं सांगितलं, काही राखून न ठेवता. पोरगी उपाशी नव्हती. तिला आजार होता आणि तो त्या डबीत दिसला असता.

सासू बयाबाई म्हणाली, "पर का उघडली न्हाय त्येनं?"

"ते काम आमच्या जातीचं, असं तिथं ठरलंय, मावशी. मी नव्हते."

"घाणच ती," बयाबाई पुटपुटली. "कोण हात लावंल?"

प्रियदर्शनीला वाटलं, उठावं आणि निघून जावं.

तेवढ्यात शालन बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "माझ्या पोरीची हुती ती. सा वर्सं ह्या हातानं धुतलंय मी. त्येला नुस्तं बघायचं हुतं, आत्ती. नुस्तं बघायचं!"

बयाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती हुंदके देऊ लागली.

प्रियदर्शनीनं पिशवीतून तक्रारीचा अर्ज काढला. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे होता. खाली तिची सही झालेली होती. उद्यापासून नोकरी नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

"कुठं करायची सही, ताई?" शालननं विचारलं.

चौथीत शाळा सुटलेली बाई ती. कागद मांडीवर घेऊन तिनं एकेक अक्षर जुळवत आपलं नाव लिहिलं. मग थोडी थांबली आणि कुणी सांगितलं नसताना त्याखाली श्रुतीचंही लिहिलं.